कर्जतला हीटर कशाला?

जुन्या मारुती ८००च्या डॅशबोर्डवर निळ्या खुणेकडून लाल खुणेकडे सरकणारा एक खटका असतो. कर्जत-खालापूर भागात तो वर्षानुवर्षं निळ्यावरच बसलेला दिसतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, पावसात घाम आणि ओल एकदमच अंगाला चिकटतात, आणि थंडी म्हणावी तर डिसेंबर-जानेवारीतल्या काही पहाटा. गाडीत हीटर आहे याची इथल्या माणसाला आठवण होते ती बहुधा तो गळायला लागल्यावरच.

गळतो तो बरेचदा हीटरचा कॉक. इंजिनातलं गरम पाणी हीटरच्या कॉइलमध्ये सोडायचं की नाही, हे ठरवणारा हा मुठीएवढा व्हॉल्व. काही गाड्यांत तो बॉनेटखाली असतो, काहींत डॅशबोर्डखाली पायांपाशी. तो बिघडला की गॅरेजमध्ये ठरलेलं वाक्य ऐकू येतं : ‘डायरेक्ट करून टाकू.’ यावर दोन मतं आहेत आणि दोन्हींत दम आहे. मी ती एका मामा-भाचीच्या तोंडून मांडतो आहे. दोघंही कल्पनेतली. मामा एसटीचा निवृत्त ड्रायव्हर, कर्जतचा, हयात घाटात गेलेली. भाची खोपोलीच्या कारखान्यात मेंटेनन्सला, दर पंधरवड्याला आईला घेऊन पुण्याला जाणारी. गाडी मामाची होती, आता भाचीकडे आहे. गाडी आठशेच. हे मॉडेल १९८३च्या डिसेंबरात पहिल्यांदा रस्त्यावर आलं आणि २०१४च्या जानेवारीत त्याचं उत्पादन थांबलं, म्हणजे रस्त्यावरची सगळ्यात तरुण आठशेसुद्धा आता दहा वर्षांच्या पुढची. अशा गाडीत कॉकचा प्रश्न आज ना उद्या येतोच.

मामा : टॉर्च धर. हे बघ, कॉकच्या बुडाशी हिरवा थर साचलाय. कूलंट झिरपतंय आणि तिथंच वाळतंय. डायरेक्ट करायचं. एक पितळी जोड, दोन क्लॅम्प. चहा येईपर्यंत काम संपतं.

भाची : डायरेक्ट म्हणजे कसं?

मामा : डायरेक्ट म्हणजे डायरेक्ट. त्यात कसं काय?

भाची : तीन मिस्त्री तीन गोष्टी करतात मामा, आणि तिन्हींना डायरेक्टच म्हणतात. एक, हीटरला जाणारा आणि हीटरकडून परत येणारा असे दोन्ही पाईप बॉनेटमध्येच एकमेकांना जोडून टाकायचे. मग कॉक गेला, त्याबरोबर कॉइलही गेली. दोन, नुसता कॉक काढायचा आणि त्याच्या जागी सरळ नळी घालायची. मग गरम पाणी बारा महिने कॉइलमधून फिरणार. तीन, दोन्ही तोंडांना बूच मारायचं. यातलं कुठलं?

मामा : पहिलं. दुसरं केलंस तर मे महिन्यात चारफाट्यापासून चौकपर्यंत जाताना पाय भाजतील. ब्लोअर बंद ठेवला तरी कॉइलची धग आत येतेच. आणि तिसरं मी कुणाच्या गाडीला करणार नाही.

तिसरं का नाही, हे मामानं सांगितलं नाही, कारण त्याला ते हातानं माहीत आहे, तोंडानं नाही. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट मिटलेला असतो. तो साधारण ८२ अंशांच्या आसपास उघडतो आणि मग पाणी रेडिएटरकडे जातं. तोवर पाण्याला इंजिनातल्या इंजिनात फिरायला वाट लागते, आणि काही इंजिनांत हीटरची लाइन हीच ती वाट असते. तिला बूच मारलं की पाणी एका जागी तापत राहतं आणि थर्मोस्टॅटपर्यंत ती बातमी उशिरा पोचते. म्हणूनच काही गाड्यांत कॉकला दोनाऐवजी चार तोंडं देतात : हीटर बंद केला की पाणी अडत नाही, वळून इंजिनाकडे परत जातं. असा चार तोंडांचा कॉक काढताना कुठला पाईप कुठे होता हे आधी मोबाईलवर टिपून ठेवलं नाही, तर पुढचा सगळा दिवस डोकं खाजवण्यात जातो.

भाची : मुळात हा कॉक बिघडला का, हे तरी बघू.

मामा : जुना झाला म्हणून बिघडला. माणूसही बिघडतो.

भाची : जुना झाला म्हणून नाही, वापरलाच नाही म्हणून. तू पंधरा-वीस वर्षांत हा खटका किती वेळा सरकवलास? कूलंटऐवजी विहिरीचं नाहीतर बोअरचं पाणी टाकलंस. त्यातले क्षार कॉकच्या दांडीवर बसले. मागच्या पावसात काच पुसून पुसून कंटाळले म्हणून मी खटका जोर लावून लालकडे नेला. दांडी फिरली, पण दांडीभोवतीचं रबर तिथंच फाटलं असणार. महिन्यातून एकदा जरी हा इकडून तिकडे केला असता ना, तरी टिकला असता.

मामा : बरं, माझी चूक. पण चुकीला औषध तेच. नवीन कॉक टाकलास तरी तो पुन्हा निळ्यावरच बसून राहणार, पुन्हा क्षार धरणार आणि पुन्हा गळणार. वर तो मिळणार कसला? डुप्लिकेट, प्लास्टिकचा. एका पावसाळ्यात चिरणारा. जो पार्ट नाहीच, तो बिघडत नाही.

जुनी गाडी चालवणाऱ्यांचं हे शहाणपण मला नेहमी पटतं. जितके जोड कमी, तितक्या गळायच्या जागा कमी. याच तर्कानं गॅरेजवाले थर्मोस्टॅटही काढून फेकतात आणि ‘आता गाडी थंड चालेल’ म्हणतात, तिथे मात्र मी थांबतो. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन हवं तितकं तापतच नाही, पेट्रोल जास्त खातं, तेलात ओल राहते. पार्ट काढून टाकण्याचं शहाणपण तो पार्ट काय करत होता हे माहीत असेपर्यंतच शहाणपण असतं. हीटरच्या बाबतीत इथली अडचण अशी की तो काय करतो हे माहीत असायचं कारणच कुणाला पडलेलं नाही.

मामा : आणि गळतीला तू कमी लेखतेस. ही गळती म्हणजे नुसतं पाणी जाणं नव्हे. दाब जातो.

हा मामाचा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. पाणी १०० अंशांना उकळतं हे शाळेतलं झालं. रेडिएटरची कॅप आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण ०.९ किलोनं वाढू देते, आणि तेवढ्या दाबाखाली नुसतं पाणीसुद्धा ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. कूलंट असेल तर आणखी वर. घाटात काटा वर सरकतो तेव्हा गाडीला वाचवणारे हेच ते १८-२० अंश. कॉकला केसाएवढी चीर गेली तर दिवसाला अर्धा पेलाच पाणी जातं, बाटली ठेवून भागवता येतं. पण दाब धरला जात नाही, आणि ते १८-२० अंश हातचे जातात. सपाटीवर काही कळत नाही. खोपोलीहून चारशे-पाचशे मीटर चढून खंडाळ्याला पोचेपर्यंत उकळबिंदू आणखी दीड-एक अंश खाली उतरलेला असतो. आठशेत पाणी असतं जेमतेम तीन-चार लिटर आणि हेड आहे अॅल्युमिनियमचं. एकदा नीट तापलं की ते वाकतं, गॅस्केट उडतं, आणि काही शेकड्यांच्या कॉकचं बिल हजारांत जातं.

मामा : वर पायांचं काय? ज्या गाड्यांत हा कॉक डॅशबोर्डखाली असतो, तिथे तो फुटला तर नव्वद अंशांचं पाणी थेट पायांवर. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवरून उडाला घाटात, तर?

भाची : हे मला मान्य. फोक्सवागनला हा धडा महागात पडला होता. त्यांच्या दुसऱ्या पिढीच्या गोल्फमध्ये हीटरची कॉइल फुटून गरम पाणी आत यायला लागलं. शेवटी कंपनीनं गाड्या परत बोलावल्या आणि लाइनमध्ये बायपास व्हॉल्व बसवून दिले.

मामा : म्हणजे कंपनीनंही बायपासच केलं! मग मी वेगळं काय सांगतोय?

भाची : वेगळं सांगतोयस. त्यांचा व्हॉल्व गोष्ट हद्दीबाहेर गेल्यावरच पाणी बाजूनं वळवायचा. एरवी हीटर चालूच. तू हीटर कायमचा तोडतोयस.

मामा : कर्जतला हीटर कशाला लागतो, ते तरी सांग. आमच्या लाल डब्याला होता का हीटर? गेलाच ना जन्म?

भाची : माणसाला नाही लागत. काचेला लागतो.

इथून वादाला खरी धार येते. मामा सगळा विचार करतो तो बसणाऱ्याच्या अंगाचा : उकडतं आहे, मग गरम हवा कशाला? भाची विचार करते ती जुलैतल्या घाटाचा. पावसात खोपोलीहून वर चढताना बाहेरची हवा २१-२२ अंशांवर उतरते आणि ओलाव्यानं भरलेली असते. आत तीन-चार माणसं, ओल्या छत्र्या, ओले रेनकोट, ओले मॅट. सगळ्यांचा श्वास आणि सगळ्या कपड्यांची वाफ गार काचेवर जाऊन बसते. शिंगरोबाच्या देवळाजवळच्या वळणांवर ढग रस्त्यावर उतरलेला असतो, समोरच्या ट्रकचा लाल दिवा आधीच पुसट, त्यात आपलीच काच आतून दुधाळ. एका हातात स्टेअरिंग, दुसऱ्या हातात फडकं. या घाटात गाडी चालवलेल्या कुणालाही हे मी नव्यानं सांगत नाही.

मामा : खिडकी दोन बोटं उघडायची. ब्लोअर काचेवर सोडायचा. एवढ्यानं भागतं.

भाची : नाही भागत. ब्लोअर बाहेरचीच हवा आत घेणार, आणि ती आधीच ओली. ओल्या फडक्यानं भांडं पुसल्यासारखं आहे ते. तीच हवा हीटरच्या कॉइलवरून घेऊन दहा अंश तापव. शंभर टक्के असलेला ओलावा साधारण ५५ टक्क्यांवर येतो. पाणी तितकंच असतं, पण तापलेल्या हवेची भूक वाढते. मग ती काचेवरचं पाणी उचलते. काच स्वतःही गरम होते, त्यामुळे पुन्हा धरत नाही.

मामा : आम्ही तंबाखू चोळायचो काचेला. पाण्याचे थेंब न थांबता ओघळून जायचे.

भाची : ते बाहेरून, वायपर बंद पडल्यावर. आतून कोण चोळतं?

मामा : एसी लावायचा मग. हल्ली सगळे तेच करतात.

भाची : आपल्या गाडीला एसी आहेच कुठे?

एसी असलेल्यांसाठी दोन शब्द. एसीची कॉइल हवेतली वाफ पाणी करून खाली सोडते, हवा कोरडी होते, म्हणून आतली काच झटकन साफ होते हे खरंच. पण पावसाळ्यात तीच गार हवा काचेवर सोडून ठेवली की काच बाहेरच्या हवेहून थंड पडते आणि धुकं बाहेरच्या बाजूनं धरतं. मग ड्रायव्हर आतून पुसतो आणि काही होत नाही म्हणून चिडतो. तिथे एसी चालू ठेवून खटका थोडा लालकडे न्यायचा असतो : हवा कोरडीही आणि कोमटही. हीटर तोडलेल्या गाडीत हा मधला मार्ग उरत नाही. माझा कल भाचीकडे झुकतो तो इथेच. घाटाखाली राहून घाटावर जाणं ज्यांच्या नेमात आहे, त्यांच्या गाडीत हीटर ही चैन नाही. कशेळे-कडावच्या पुढे कधी न जाणाऱ्या गाडीचा हिशेब वेगळा, ती डायरेक्ट केली तर मी कुणाशी भांडणार नाही.

भाची : आणि दुसरं. गाडी चढणीला गरम व्हायला लागली तर तू स्वतः काय करायचास?

मामा : बस थांबवायचो.

भाची : या गाडीचं विचारतेय.

मामा : ... हीटर सोडायचो.

भाची : बघ!

पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा इंजिनाच्या पाण्यात जातो आणि तो बाहेर फेकायचं काम रेडिएटरचं. हीटरची कॉइल म्हणजे डॅशबोर्डमागे लपलेला छोटा रेडिएटरच. नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंतचा रस्ता जेमतेम सात-आठ किलोमीटरांचा, पण सगळा अंगावर येणारा. इंजिन पूर्ण जोरात, गाडी पहिल्या गिअरमध्ये सायकलीच्या वेगानं, त्यामुळे समोरून वारा नाही. अशा वेळी खटका लालवर, ब्लोअर पूर्ण, खिडक्या उघड्या : आत बसलेल्यांना शिक्षा, पण दोन-तीन किलोवॅटच्या घरातली उष्णता इंजिनावरून उतरते. लहान इंजिनाला तेवढा हातभार पुष्कळ होतो. वर दस्तुरीला गाडी सोडून पुढे पायी किंवा घोड्यावर जायचं असतं, कारण माथेरानात मोटारीला बंदी आहे. तोवर इंजिन शाबूत राहिलं पाहिजे.

भाची : आपल्या स्टेशनात पुण्याच्या गाडीला मागून बँकर इंजिन लावतात ना, तसा हा हीटर. सपाटीवर त्याची गरज नाही. १ : ३७चा चढ आला की मागून रेटा.

मामा : तुझा दाखला उलटा आहे. बँकर नसेल तर ती गाडी घाट चढतच नाही, म्हणून तो रोज लावतात. आपली गाडी हीटरशिवाय चढायलाच हवी. चढत नसेल तर रेडिएटर तुंबलाय, नाहीतर पंखा उशिरा लागतोय, नाहीतर पाण्याचा पंप गेलाय. हीटर लावून घाट चढणारा माणूस दुसराच आजार लपवतोय. तो आजार बरा कर.

इथे मात्र मामाच बरोबर. हीटरची युक्ती अडल्या वेळी पुढच्या सुरक्षित जागेपर्यंत पोचण्यासाठी आहे. दर रविवारी ती करावी लागत असेल तर कॉकवर चर्चा करण्यात अर्थ नाही. पण भाचीचा मुद्दा त्यामुळे पडत नाही. अडली वेळ येणारच नाही अशी खात्री देणारी जुनी गाडी अजून मी पाहिलेली नाही.

भाची : समजा कॉइलच सडली असती तर?

मामा : तर तू माझ्या बाजूला आली असतीस.

भाची : आले असते. कॉइल गळायला लागली की मॅट ओला होतो, आत गोडसर वास येतो, ब्लोअर लावला की काचेवर तेलकट थर बसतो, कितीही पुसला तरी जात नाही. तशी गाडी त्याच दिवशी बॉनेटमधून जोडून टाकायची, दुसरा विचार नाही. कॉइल बदलायची म्हणजे अख्खा डॅशबोर्ड उतरवायचा. पण आपला मॅट कोरडा आहे, वास नाही. आपली कॉइल चांगली आहे मामा. दोन इंचांच्या कॉकसाठी ती का मारायची?

मामा : मारत कोण बसलंय? आज जोडू, कॉक मिळाला की उघडू. उद्या सकाळी तुला पहिल्या पाळीला जायचंय का नाही?

बहुतेक चांगले वाद असेच कामाच्या घाईनं वळण घेतात. आजच्यापुरतं जोडायचं हे ठरलं, आणि मग दोघांचं एकदम पटायला लागलं. कसं जोडायचं यात मतभेद होण्याइतकी जागाच नाही. तरी तपशील लिहून ठेवतो, कारण घाईत केलेलं तात्पुरतं काम पुढे दहा वर्षं तसंच राहतं, असा आपल्याकडचा रिवाज आहे.

पहिली गोष्ट म्हणजे इंजिन पूर्ण थंड हवं, आणि गरम असताना कॅपला हात लावायचा नाही. दाबाखाली ११० अंशांवर असलेलं पाणी कॅप सैल होताच उकळून तोंडावर येतं. मग होजचं माप. गॅरेजच्या भाषेत हा बहुधा पाच सुती पाईप, म्हणजे आतून पाच-अष्टमांश इंच, साधारण १६ मिलिमीटर. जोड त्याच मापाचा आणि पितळेचा.

मामा : मळ्यात ठिबकचे जोड पडलेत पोतंभर. मापही बसतं.

भाची : ते प्लास्टिक नव्वद अंशांना मऊ पडेल. खोपोली सोडायच्या आत निसटेल.

मामा : माहितेय. तुला माहितेय का ते बघत होतो.

पीव्हीसीचा तुकडाही तसलाच. लोखंडी नळी टिकते, पण गंजते, आणि तो गंज फिरत फिरत रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. पाईप वळवताना त्याला मोड पडू द्यायची नाही. दोन तोंडं फार जवळ असतील तर वळणदार यू-आकाराचा होज घ्यावा. ओढून-ताणून बसवलेला पाईप एक्झॉस्टला किंवा पंख्याच्या पट्ट्याला टेकत नाही ना, हे पाहावं. जुन्या होजचं तोंड कडक झालं असेल तर बोटभर कापून टाकून ताज्या रबरावर क्लॅम्प बसवावा. क्लॅम्प स्क्रूचा, तार पिळून भागवू नये. कॉकची मोकळी झालेली केबल बांधून ठेवावी, नाहीतर ती पॅडलमध्ये किंवा वायरिंगमध्ये अडकते.

सगळ्यात जास्त चुकतं ते यानंतर. पाईप उघडले की आत हवा शिरते, आणि वरून पाणी भरून कॅप लावली की ती हवा आतच अडकते. याला गॅरेजवाले एअर लॉक म्हणतात. पाणी भरलेलं दिसतं, काटा मात्र भलतीकडे पळतो. म्हणून इंजिन थंड असतानाच कॅप उघडी ठेवून चालू करायचं, थर्मोस्टॅट उघडून वरचा पाईप गरम लागेपर्यंत थांबायचं, बुडबुडे येत राहतील तसं कूलंट घालत राहायचं, आणि मग कॅप. कूलंट डिस्टिल्ड पाण्यात कालवलेलं असावं, बोअरच्या पाण्यात नाही. या कॉकचा जीव त्या पाण्यानंच घेतला आहे. शेवटी जोडाजवळ एक चिठ्ठी बांधावी : ‘हीटर बायपास’ आणि तारीख. पुढच्या मेकॅनिकला गाडी गरम होण्याचं कारण शोधायचं असेल तेव्हा त्याचा अर्धा तास वाचतो. या चिठ्ठीची कल्पना अर्थातच भाचीची. कारखान्यात टॅग न लावता कुठलाही व्हॉल्व बंद केलेला चालत नाही.

मामा : आता एक ऐक. कॉकच्या जागी सरळ नळी घालू, आणि बॉनेटमध्ये हीटरला जाणाऱ्या पाईपवर पितळी बॉल व्हॉल्व टाकू. पाच सुती, दोन्हीकडे होज चढवायची नळी असलेला. मृगाला उघडायचा, दसऱ्याला बंद करायचा. केबल नाही, प्लास्टिक नाही. पावसात तुझी काच साफ, उन्हाळ्यात माझे पाय गार.

भाची : ही युक्ती आधी का नाही सांगितलीस?

मामा : आधी तू ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतीस.

युक्ती खरोखर चांगली आहे. चांगल्या पितळी बॉल व्हॉल्वची बैठक कूलंटची उष्णता सहज सोसते. उघडझाप वर्षातून दोनदाच, त्यामुळे तो अडकायची भीती उरतेच. मधूनच एकदा फिरवला की झालं. आपल्या इंजिनाची फिरायची वाट हीटरच्या लाइनवर अवलंबून नाही, एवढं मात्र आधी पाहून घ्यायला हवं, नाहीतर तो बंद करणं म्हणजे बूच मारणंच. भाचीला मात्र यातही एक भोक सापडलं, आणि ते मला सुचलं नव्हतं.

भाची : पण मामा, गाडी उकळण्याची भीती कधी? मे महिन्यात. पाहुणे घेऊन माथेरानला जाताना. आणि नेमका तेव्हाच तुझा व्हॉल्व बंद. चालत्या गाडीतून मी तो उघडणार कशी?

मामा : चालत्या गाडीतून उघडायचाच नाही. थांब, बॉनेट उघड, सावलीत उभी कर. तसंही थांबायचंच आहे.

भाची : दस्तुरीच्या वळणावर, मागे टॅक्सींची रांग लागलेली असताना, तापलेल्या इंजिनात हात घालून?

मामा : फडकं घेऊन.

भाची : नको. मला खटक्यावर चालणारा कॉक हवा. रविवारी पुण्याला चाललेच आहे, नाना पेठेत बघते. प्लास्टिकचा असेल तर नाही आणणार. धातूचा मिळाला तर तो, नाही मिळाला तर तुझा बॉल व्हॉल्व.

मामा : जुना कॉक नमुना म्हणून घेऊन जा. तोंडाने माप सांगशील तर दुकानदार हातात येईल तो देईल. दांडी कुठल्या बाजूला फिरते तेही जुळवून बघ, काही उलटे असतात. आणि रविवारपर्यंत घाटात जाणारच आहेस या जोडावर, तर फडकं जवळ ठेव. काच धरणार.

भाची : माहितेय.

मामा : रोज सकाळी इंजिन थंड असताना कूलंटच्या बाटलीतली पातळी बघ. पेन्सिलीनं खूण करून ठेव. आता कॉक लाइनमध्ये नाही, त्यामुळे पाणी उतरायला नको.

भाची : आणि उतरलं तर?

मामा : तर पुण्याहून कॉकबरोबर हेड गॅस्केटचाही भाव काढून ये.